पाइप कोणाचा, ते आधी ठरवा

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

«आमची मुलुंडची सोसायटी 1992 सालची, सात मजली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाथरूम-संडासातले लोखंडी पाइप गंजले आहेत, सकाळी नळाला आधी पिवळं पाणी येतं. खालच्या काकूंच्या छताला ओलही आली आहे. पाइप बदलायचे, भारतीय पद्धतीचा संडास काढून कमोड बसवायचा, असं ठरलंय. मुलगा म्हणतो, तोडफोड होणारच आहे तर कमोड बेडरूमच्या कोपऱ्यात घेऊ, म्हणजे आजीला रात्री पॅसेज ओलांडायला नको. वॉशिंग मशीनही बाल्कनीत न्यायचं आहे. प्लंबर म्हणतो, आतल्या कामाला कसली परवानगी? सेक्रेटरी म्हणतात, महापालिकेचं पत्र आणल्याशिवाय हातोडा लावू देणार नाही. खरं कोणाचं? पावसाळ्याआधी उरकायचं आहे.»

नमस्कार.

तुमच्या पत्रात चार निरनिराळी कामं आहेत. प्लंबर आणि सेक्रेटरी दोघंही त्यांना एकच काम समजून बोलत आहेत, म्हणून हा घोळ झाला. प्रत्येक पाइपपाशी एकच प्रश्न विचारा: हा कोणाचा? तुमच्या भिंतीतला आणि तुमच्या लादीखालचा पाइप तुमचा. डक्टमधला (इमारतीचे उभे पाइप जिथून जातात त्या पोकळीतला) उभा पाइप, गच्चीच्या टाकीवरून खाली येणारी लाइन आणि आवारातले चेंबर सोसायटीचे. रस्त्यातली जलवाहिनी आणि मलवाहिनी महापालिकेची. परवानगी कुठे मागायची ते बहुतेक वेळा यावरूनच कळतं. एक अपवाद आहे आणि तो नेमका तुमच्या मुलाच्या सूचनेत आहे. त्याकडे पुढे येऊ.

आधी सेक्रेटरींचा मुद्दा. मुंबईला 1888 चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्यातलं कलम 342 सांगतं की इमारतीत भर घालायची किंवा फेरफार करायचे तर आयुक्तांना आधी नोटीस द्यायला हवी. पण त्याच कलमाने ‘टेनंटेबल रिपेअर्स’ना सूट दिली आहे आणि त्यात काय काय येतं तेही लिहून ठेवलं आहे: गिलावा, रंगकाम, लाद्या बदलणं, संडास, न्हाणी व धुण्याच्या जागेची दुरुस्ती, ड्रेनेजचे पाइप, नळ, मॅनहोल यांची दुरुस्ती किंवा बदल, आणि सॅनिटरी, पाण्याच्या वा विजेच्या फिटिंग्जची दुरुस्ती किंवा बदल. काय येत नाही हेही तिथेच आहे: बांधकामाची आडवी-उभी मापं बदलणं, आधार देणारे भाग किंवा भार पेलणाऱ्या भिंती काढणं वा बदलणं, जोतं, पाया किंवा जमीन खाली घेणं, पोटमाळा घालणं वा वाढवणं.

म्हणजे गंजलेले पाइप बदलणं आणि संडासाच्या जागीच कमोड बसवणं या दोन कामांना महापालिकेची परवानगी लागत नाही. सेक्रेटरी मागतात ते पत्र वॉर्ड ऑफिस देणारही नाही, कारण ज्याला परवानगीच नको त्याची परवानगी ते कशी लिहून देणार? पण सोसायटीची लेखी परवानगी मात्र लागतेच. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार) समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सभासदाला घरात भर घालता येत नाही की फेरफार करता येत नाहीत, आणि अर्ज सेक्रेटरींकडे तपशिलासह द्यायचा असतो. प्लंबरचं ‘कसली परवानगी’ इथे चुकतं.

अर्ज नुसता ‘बाथरूमचे काम करायचे आहे, कृपया परवानगी द्यावी’ असा देऊ नका. तो महिनाभर फायलीत पडून राहतो, कारण कशाला हो म्हणायचं तेच समितीला कळत नाही. असा लिहा:

«सदनिकेच्या न्हाणीघर व शौचालयातील पाण्याचे लोखंडी पाइप काढून त्याच मार्गाने सीपीव्हीसी पाइप बसवणे, आहे त्याच जागी भारतीय पद्धतीचे शौचपात्र काढून कमोड बसवणे, जलरोधक थर नव्याने देऊन लाद्या बसवणे. कोणतीही भिंत, बीम, कॉलम किंवा स्लॅब तोडला वा छेदला जाणार नाही. हे काम मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 342 मधील ‘टेनंटेबल रिपेअर्स’मध्ये मोडते. डक्टमधील सामाईक पाइपला दोन ठिकाणी जोड देण्यासाठी समितीची परवानगी व सोसायटीच्या प्लंबरची उपस्थिती हवी आहे. कामाचा कालावधी, वेळा, प्लंबरच्या परवान्याची प्रत आणि आहे-होणार असा नकाशा सोबत जोडला आहे.»

नकाशा म्हणजे फार काही नाही. चौकटीच्या कागदावर खोली, डक्टची भिंत, आत्ताचे पाइप निळ्या शाईने, नवे लाल शाईने. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. समितीने कारण न देता अडवून धरलं तर वॉर्डाच्या उपनिबंधकांकडे (सहकारी संस्था) दाद मागता येते, पण असा नेमका अर्ज दिला की सहसा ती वेळ येत नाही.

इमारत तीस वर्षांपुढची आहे. त्याच अधिनियमाच्या कलम 353ब नुसार अशा इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. तो अहवाल सेक्रेटरींकडून मागून घ्या आणि तुमच्या मजल्याच्या बाथरूमच्या स्लॅबबद्दल त्यात काही लिहिलंय का ते बघा. सळ्या गंजल्याचा शेरा असेल तर ब्रेकर मशीन लावू देऊ नका, छिन्नी-हातोड्यानेच काम करून घ्या.

आता मुलाची सूचना. आजींची काळजी खरी आहे, पण हा कमोड बेडरूमच्या कोपऱ्यात नेऊ नका.

जागेवरचा संडास दुरुस्त करणं टेनंटेबल रिपेअर्समध्ये येतं, नव्या जागी संडास बांधणं येत नाही. पाइप तुमच्याच घरातला असला तरी इथे मंजूर नकाशा बदलतो. त्यासाठी वास्तुविशारदामार्फत महापालिकेकडे रीतसर प्रस्ताव आणि स्ट्रक्चरल इंजिनियरचा दाखला लागेल. परवानगीशिवाय केलंत आणि कोणी तक्रार केली तर कलम 351 ची, म्हणजे बेकायदा कामाबद्दलची, नोटीस येते. शिवाय तुमच्या बेडरूमखाली काकूंची बेडरूम आहे. संडास दुसऱ्याच्या राहत्या खोलीवर येऊ नये, आलाच तर त्याची जमीन पूर्ण जलरोधक हवी, हा बांधकाम नियमांतला जुना दंडक आहे, आणि तो उगीच आलेला नाही.

कायदा बाजूला ठेवून नुसतं माप घेतलं तरी हे जमत नाही. तुमचा कोपरा डक्टपासून दहा फूट, म्हणजे 3 मीटर धरू. मैल्याच्या 110 मिमी पाइपला साधारण पन्नासात एक उतार द्यावा लागतो, म्हणजे 60 मिमी. पाइपची जाडी 110. वर कोबा आणि लादीचे 50-60. झाले सव्वादोनशे मिमी, नऊ इंच. बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो, बेडरूमचा नसतो, म्हणून तेवढी जमीन उचलावी लागणार. विटांचे तुकडे आणि मसाल्याचा भराव घनमीटरला 1700 ते 1800 किलो भरतो. 200 मिमी भराव म्हणजे चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास. राहत्या खोलीचा स्लॅब माणसं-सामानासाठी चौरस मीटरला 200 किलो भार धरून बांधतात. भरावानेच ते ओलांडलं. भिंत, लाद्या, कमोड अजून मोजलेच नाहीत. भराव वाचवायला प्लंबर उतार कमी देतो, आणि आजच्या सहा लिटरच्या फ्लशला तेवढ्या लांब सपाट पाइपमधून मैला पुढे ढकलता येत नाही. तो वाटेत बसतो आणि दर दोन महिन्यांनी तुंबतो.

आजींसाठी आहे त्याच संडासात बरंच करता येईल. दार बाहेर उघडणारं करा, म्हणजे आत कोणी पडलं तर दार अडणार नाही. कमोडच्या बाजूच्या भिंतीवर जमिनीपासून साधारण 700 मिमीवर स्टीलची दांडी लावा. ती विटेत नीट बसवलेली हवी, लादीवर नुसत्या स्क्रूने टांगलेली दांडी आयत्या वेळी हातात येते. पॅसेजमध्ये जमिनीलगत रात्रभर जळणारा छोटा दिवा ठेवा. संडास-बाथरूममधली भिंत काढून एकच मोठी जागा करावीशी वाटली तर मात्र तो फेरफार झाला. त्यासाठी वास्तुविशारदाला विचारल्याशिवाय वीट हलवू नका.

वॉशिंग मशीन बाल्कनीत नेणं सोपं वाटतं, पण गुपचूप केली जाणारी आणि पुढे निस्तरावी लागणारी चूक इथेच होते. बाल्कनीच्या कोपऱ्यातली जाळी बहुतेक इमारतींत पावसाच्या पाइपला जोडलेली असते. मुंबईत पावसाचं पाणी आणि सांडपाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या आहेत. मशीनचा नळा त्या जाळीत सोडला की साबणाचं पाणी गटारातून थेट नाल्यात जातं, आणि खालच्या मजल्यांच्या बाल्कनीत फेस वर येतो. बादलीभर रंगीत पाणी त्या जाळीत ओता आणि खाली कोणत्या चेंबरमध्ये निघतं ते बघा. पावसाळी चेंबरमध्ये निघालं तर मशीन आहे तिथेच राहू द्या, किंवा बाथरूमच्या सांडपाण्याच्या पाइपपर्यंत 50 मिमी लाइन उताराने नेता येत असेल तरच हलवा. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवरून नवा पाइप उतरवायचा तर ती भिंत सोसायटीची आहे, तिथे एकट्या-दुकट्याने ठरवता येत नाही.

काकूंच्या छताची ओल काम सुरू होण्याआधी तपासा, कारण खर्च कोणी करायचा ते तिच्यावर ठरेल. आदर्श उपविधींप्रमाणे सामाईक बाहेरच्या पाइपची आणि ड्रेनेज लाइनची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घरातल्या संडास-मोरीच्या गळतीचा खर्च सभासदाचा. रात्री तुमच्या घराचा मुख्य कॉक बंद ठेवा. सकाळपर्यंत ठिबक थांबली तर दोष दाबाच्या पाण्याच्या पाइपात. थांबली नाही तर दोन दिवस ते बाथरूम अजिबात वापरू नका. त्याने थांबली तर दोष तुमच्या लादीखाली किंवा नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या जाळीखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या तुकड्याच्या) जोडात. तरीही थांबली नाही तर डक्टमधला उभा पाइप बघायला समितीला बोलवा, तो पाइप तुमचा नाही. या तपासणीच्या वेळी काकूंना सोबत घ्या, आणि काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्यांच्या छताचे तारखेसह फोटो काढून दोघींनी त्यावर सह्या करा. पुढची भांडणं तिथेच मिटतात.

जोडाची जागा जरा जवळून बघू. 1992 च्या इमारतीत डक्टमधला उभा पाइप बहुधा बिडाचा आहे. तुमचा नवा पाइप पीव्हीसीचा. प्लंबर काय करतात? बिडाच्या तोंडात पीव्हीसी घुसवतात आणि भोवती सिमेंट कोंबतात. पीव्हीसीचा पृष्ठभाग गुळगुळीत, त्याला सिमेंट धरत नाही. वर्षभर गरम-गार पाण्याने पाइप आक्रसतो-फुगतो, सिमेंट गोल कड्यासारखं सुटं होतं, आणि भिंतीआडून पाणी उतरत राहतं. या जोडाला दोन्ही बाजूंना स्टीलच्या पट्ट्या असलेलं रबरी कपलिंग किंवा त्यासाठीच मिळणारा अ‍ॅडॅप्टर वापरायला सांगा, आणि तो झाकण्याआधी स्वतः बघा. हे काम डक्टमध्ये आहे, म्हणून समितीला कळवून आणि सोसायटीच्या प्लंबरसमोरच करायचं. पाण्याच्या उभ्या लाइनीला हात लावायचा तर अख्ख्या विंगचं पाणी बंद ठेवावं लागतं. त्याची सूचना आदल्या दिवशी फलकावर लागलेली बरी.

सामान घेताना: मैल्याचा पाइप 110 मिमी, नहाणीचा 75 मिमी, दोन्ही आयएस (भारतीय मानक) 13592 चे आणि ‘टाइप बी’. टाइप ए पातळ असतो, तो हवेच्या आणि पावसाच्या पाइपसाठी. दुकानात स्वस्त म्हणून तोच पुढे केला जातो, पाइपवरचा छाप वाचा. सीपीव्हीसी, म्हणजे नळाच्या गरम-गार पाण्याचा प्लास्टिक पाइप, आयएस 15778 चा. ट्रॅपमध्ये 50 मिमी पाणी उभं राहायला हवं, नाहीतर डक्टचा वास घरात येतो.

एस ट्रॅपचा (मैला खाली जमिनीतल्या भोकात सोडणारा) कमोड घेणार असाल तर भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, 220 की 300 मिमी, आधी ठरवा आणि ते लादीच्या तोंडापासून मोजा. विटेपासून मोजलं की गिलावा आणि लादी मिळून इंचभर, कधी जास्त खातात, आणि कमोड भिंतीला टेकून भोकावर बसतच नाही. मग जोड वाकडा करून बसवतात, आणि तो गळतो.

भिंतीत पाइप लपवायची खाच उभी असेल तर भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत, आडवी असेल तर एक षष्ठांशापर्यंतच. चार इंची भिंतीत म्हणजे आडवी खाच जवळजवळ नकोच. पाइप वरून आडवा न्या आणि प्रत्येक नळापाशी उभा उतरवा. बीममधून भोक पाडायला प्लंबर ‘एवढंसंच’ म्हणून हात घालेल. त्याला तिथेच थांबवा.

शेवटच्या जोडानंतर सीपीव्हीसीचं सोल्युशन 24 तास सुकू द्या. मग हातपंपाने पाइपात पाणी भरून, हवा काढून, 7 बार दाब तासभर ठेवा. काटा खाली आला तर जोड शोधा. हे गिलाव्याच्या आधी. प्लंबर ‘नळ सुरू करून बघितला’ म्हणेल, पण गच्चीच्या टाकीचा तिसऱ्या मजल्यावर दाब दीड बारच्या आसपास असतो, कमकुवत जोड त्यात दिसत नाही.

जलरोधक थर दिल्यावर दाबलेल्या स्लॅबमध्ये पाणी भरा, नहाणीला बूच लावा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारा आणि 48 तास तसंच ठेवा. दोन-चार मिमी हवेत उडतं. त्याहून जास्त उतरलं, किंवा काकूंच्या छताला नवा डाग दिसला, तर थर पुन्हा. भराव टाकण्याआधी ही चाचणी झालेली नसेल तर ठेकेदाराला पुढचा हप्ता देऊ नका.

डेब्रिज गोणीत भरून कचऱ्याच्या कुंडीपाशी ठेवू नका, दंड होतो. ते उचलून नेण्याची महापालिकेची सशुल्क सेवा वॉर्ड ऑफिसमार्फत मिळते.

महापालिकेचा संबंध तुमच्या या कामात कुठेच येणार नाही का? रस्त्यातल्या लाइनीवरून नवी जोडणी, जोडणीचा आकार वाढवणं किंवा मलवाहिनीला नवा जोड, यांपैकी काही करायचं असतं तर आला असता. तो अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फत जलकामे खात्याकडे किंवा संबंधित विभागाकडे जातो, आणि तो सोसायटी करते. घरातल्या कामालाही परवानाधारक माणूसच घ्या असं आम्ही सांगू, आणि परवान्यावरची मुदत संपलेली नाही ना, हे बघा.

ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिकच्या वाचकांसाठी थोडं. तुमच्याकडे 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम आणि 2020 ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आहे, म्हणून वरच्या कलमांचे आकडे तुमच्या अर्जात उतरवू नका. 1966 च्या नगररचना अधिनियमाचं कलम 43 मात्र राज्यभर लागू आहे. केवळ इमारतीच्या आतल्या भागावर परिणाम करणाऱ्या देखभाल-दुरुस्तीला त्यात विकास परवानगीतून सूट आहे, वारसा इमारती सोडून. सोसायटीची लेखी परवानगी तुम्हालाही चुकत नाही. नळजोडणीची सेवा 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली येते. ठरलेल्या मुदतीत जोडणी मिळाली नाही तर अपील करता येतं.

आणि हो, पावसाळ्याआधीच उरका. अर्ज, समितीची बैठक, ओलीची तपासणी यांत तीन-चार आठवडे सहज जातात, प्रत्यक्ष कामाला सुमारे तीन आठवडे धरा. म्हणजे मार्चअखेर अर्ज गेला तर मे संपता संपता पाणी भरून चाचणी होईल. जून लागला की काकूंच्या छतावरचा नवा डाग तुमच्या बाथरूमचा की बाहेरच्या भिंतीतून आलेल्या पावसाचा, हे ऑक्टोबरपर्यंत ओळखता येत नाही. अर्ज वेळेत गेला नाही तर सरळ दिवाळीनंतरची तारीख धरा. तोवर पिवळ्या पाण्यासाठी सकाळी पहिल्या दोन बादल्या फरशी धुवायला वापरा.